कोट इस्त्रीचा आणि दूध पावशेर

बशीतला चहा संपवून बशी खाली ठेवता ठेवता हे म्हणाले, "उद्यापासून चहा बंद."

हे म्हणजे माझे यजमान. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. सासूबाईंना वाटलं, कचेरीत कुणीतरी चहाचे तोटे सांगितले असतील; त्या काळी तसं सांगणारे गावात पुष्कळ होते. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मेलं ते काळं पाणी." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी सासवा-सुना डोकं धरून बसलो.

ही हकीकत सोलापुरातली, मंदीच्या दिवसांतली. हे एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि नुकती पावलं टाकू लागलेली आमची मुलगी. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे सामाईक न्हाणी, आणि भिंतीला भिंत लागून अक्कांचं बिऱ्हाड. अक्का मूळच्या अक्कलकोटकडच्या. बोलायला मराठीत सुरुवात करत आणि राग आला की कानडीत शिरत. त्यांचे यजमान आमच्याच गिरणीत मुकादम होते, म्हणून दोन्ही घरांचा पगार एकाच दिवशी व्हायचा आणि दोन्ही घरांतल्या बातम्याही एकाच वेळी फुटायच्या.

चहा गेला त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण त्या आठवड्यात वर्तमानपत्र गेलं. मग परटाकडे कपडे टाकणं गेलं. मग साबण. "रिठे आहेत की," एवढंच हे म्हणाले. रिठे होते, खरंच होते. पण ते फोडायचे, भिजत घालायचे, उकळायचे, आणि एवढं करून धोतर पिवळंच निघायचं. दिवेलागणीला दोन कंदील लागायचे, त्यातला एक माळ्यावर गेला. काडेपेटीतल्या काड्या हे दाढीच्या पात्यानं उभ्या चिरू लागले. एका काडीच्या दोन होत. त्यातली एक पेटायची आणि एक मोडायची. मी म्हटलं, "अहो, हिशेब तोच झाला की." त्यावर हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी फार खोल बोलले होते.

मग दुधाची पाळी आली. शेराचं दूध पावशेरावर आणायला त्यांनी मला सांगितलं आणि ते गवळणीला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

गवळण दारात चरवी घेऊन तशीच उभी राहिली. "का वो बाई? दूध पातळ लागलं का? पानी घालत न्हाय मी, देवाशप्पत."

"तसं नाही गं. आता जरा कमी लागतं आमच्याकडं."

"कमी कसं लागंल? लेकरू हाय की घरात. लेकरू मोटं हुतंय तसं दूध वाढवत्यात. तुमी कमी करताय?"

मी पातेलं पुढं केलं. ती माप घालून गेली, पण पावशेरावर आणखी एक धार तिनं आपल्या मनानं सोडली. ती धार मी यांना सांगितली नाही. सांगितली असती तर पावशेराचंही आणखी काही कमी झालं असतं असं मला वाटलं.

एकदा धीर करून मी विचारलंच. हे ओट्यावर बसून चपलेला स्वतःच टाके घालत होते.

"पगार कमी झाला का?"

"नाही."

"कुणाचं देणं आहे?"

"नाही."

"मग?"

"तुला काय कमी पडलंय ते सांग."

आता काय सांगावं! सगळंच कमी पडलं होतं आणि तसं म्हटलं तर काहीच कमी पडलं नव्हतं. जेवत होतो, नेसत होतो, भाडं जात होतं. मी आत निघून आले. माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं की नाही, हेही मला नीट कळलं नाही.

अक्कांना मी त्यांच्या यजमानांकडून खरं-खोटं काढून घ्यायला सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बातमी आणली: पगार सगळ्यांचा होता तेवढाच आहे. "आणि तुमचे कारकून रोज वेळेच्या आधी कचेरीत जातेत म्हणे. शेवटी निघतेत म्हणे. तसं बगितलं तर लई चांगला माणूस, म्हणतेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण एक सांगा. घरातले समदे कपडे रिठ्यात, आन त्यांचा कोट तेवढा परटाकडं कसा?"

ते मात्र खरं होतं. कचेरीत घालायचा काळा कोट आणि टोपी आठवड्याला परटाकडे जाऊन कडक इस्त्री होऊन यायची. दूध कमी झालं तरी ती थांबली नव्हती. चपलेला टाके स्वतः घालायचे, पण तिला वरून तेल लावून चमक आणायचे. सकाळी निघताना आरशात दोनदा बघायचे. पूर्वी कधी एकदाही बघत नसत.

"कोट इस्त्रीचा आन पोट उपाशी," अक्का म्हणाल्या. "असलं माणूस कुटंतरी दुसरीकडं जातंय."

मी त्यांना गप्प केलं, पण स्वतःला गप्प करता येईना. संध्याकाळी हे आले की मी कोट खुंटीला लावताना त्याचा वास घ्यायची. कोटाला इस्त्रीच्या कोळशाचा वास यायचा. दुसरा कसलाच नाही. त्यानं बरं वाटायचं आणि मग पुन्हा कोडं पडायचं.

अक्कांनी मात्र माझं एक फार मोठं काम केलं. त्यांनी मला कडक भाकरी करायला शिकवली. रोज चूल पेटवण्यापेक्षा एकदाच जाळ करायचा, ज्वारीच्या पापडासारख्या पातळ भाकरी थापायच्या, तव्यावर आणि मग निखाऱ्याकडेला अगदी वाळेपर्यंत भाजायच्या आणि टोपलीत उभ्या रचून ठेवायच्या. आठवडा आठवडा टिकतात. वर शेंगांची चटणी आणि कांदा. लाकडं निम्म्यावर आली. यांना ते एवढं पसंत पडलं, की पहिल्यांदाच "छान" असा शब्द माझ्या कानावर आला. ते जेवायला बसले की भाकरी मोडल्याचा कडकन आवाज व्हायचा आणि मुलगी हसायची. सासूबाईंना पुढचे दात नव्हते. त्या आपल्या आमटीच्या पाण्यात भाकरीचा तुकडा भिजत घालून वाट बघत बसायच्या.

अशात कुर्डुवाडीहून माझा थोरला भाऊ आला. तिथं तो रेल्वेत होता. सकाळच्या गाडीनं आला, ओट्यावर पाय धुतले, आणि बसला. माहेरचं माणूस आलं आणि घरात चहाची पूड नाही, साखर नाही. मी मागच्या दारानं अक्कांकडे धावले, वाटीभर साखर आणि चिमटीभर पूड घेऊन आले, आणि चहा केला. यांच्यापुढे कप ठेवू की नको, असं झालं. शेवटी ठेवला. तर यांनी तो आनंदानं घेतला! "घ्या, घ्या, गरम आहे," असा भावाला आग्रहसुद्धा केला. दोघं कापसाच्या भावाविषयी, गाड्यांविषयी बोलत बसले. मी दाराआडून बघत होते. मला वाटलं, संपलं हे सगळं. उगाच एक वारं आलं होतं, गेलं.

भाऊ गावात गेला तसं यांनी मला विचारलं, "साखर कुठली?"

"अक्कांकडची."

"म्हणजे उसनी?"

"हो. देऊ की चार दिवसांनी."

यांच्या तोंडावरचा रंगच उडाला. "परत द्यायची आहे," ते म्हणाले. मला नव्हे, आपल्याशीच. आणि कोट न घालता तसेच बाजारात जाऊन वाटीभर साखर घेऊन आले, अक्कांच्या दारात उभे राहून ती त्यांच्या हातात दिली, आणि मग कुठे कचेरीला गेले. अक्का हातात वाटी घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या. भाऊ दुपारी निघताना म्हणाला, "तुझे यजमान बरे आहेत ना गं? मला काही कळलं नाही बुवा." मी म्हटलं, "मलाही नाही."

सासूबाईंना मात्र सगळं कळलं होतं.

एके दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं आणि कुणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाल्या, "मला काशीला न्यायचं चाललंय."

झालं होतं असं, की गल्लीतलेच एक वयस्कर गृहस्थ काशी करून आले होते आणि ज्याच्या त्याच्या ओट्यावर बसून यात्रेचं वर्णन सांगत होते. आमच्याही ओट्यावर आले. तेव्हा यांनी त्यांना विचारलं होतं, "भाडं किती पडलं हो एकंदर?" सासूबाईंनी ते आतून ऐकलं होतं. झालं. चहा का गेला, साबण का गेला, पैसे ठेवायच्या ट्रंकेची किल्ली जानव्याला का बांधली गेली, सगळ्याचा उलगडा त्यांना एका वाक्यात झाला.

"तो बोलत नाहीये ना, मग आपणही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "पैसे जमले की सांगेल तो. त्याचे वडील गेले तेव्हा मला म्हणाला होता, आई, एकदा तुला काशी दाखवीन. लहान होता. पण लक्षात ठेवलंन हो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पटलं की नाही, आज सांगता येणार नाही. दुपारी पटायचं आणि संध्याकाळी यांचा चेहरा बघितला की पटायचं नाही. काशीला आईला नेणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. पण माझ्याकडे तरी दुसरं कुठलं कारण होतं?

यांना बोलायचं नाही म्हणणाऱ्या सासूबाईंनी ते गल्लीला मात्र सांगितलं. आधी अक्कांना, मग नळावर, मग देवळात. बायका यायला लागल्या. कुणी गंगेत टाकायला एक पैसा दिला, कुणी आणेली. कुणी नवसाची चांदीची वाटोळी टिकली दिली. कुणी म्हणालं, माझ्या सासऱ्यांच्या नावानं एक डुबकी मार. गडूभर गंगा आणायच्या निरोपांची तर गणतीच नव्हती. सासूबाई सगळं एका फडक्यात बांधून देवाच्या मागे ठेवायच्या. हे घरी नसताना हे चालायचं. अक्का मला म्हणायच्या, "म्हंजे दुसरीकडं जात न्हाई म्हणा की तुमचा माणूस. काशीसाठी व्हय! मी उगाच बोलले बगा." आणि स्वतःच्या गालावर चापट मारून घ्यायच्या.

त्यानंतर सासूबाईंनी मुलाला हातभार लावायचं ठरवलं. त्यांचे उपास वाढले. सोमवार होताच. गुरुवार आला, शनिवार आला. मग संकष्टी, प्रदोष, कसले कसले वार. मी म्हटलं, "आई, आज काय आहे?" तर म्हणायच्या, "काशीला जायचंय त्यानं देह हलका करावा." उपासाला साबुदाणा करू का म्हटलं, तर तो महाग. मूठभर शेंगदाणे आणि पाणी. त्या माझ्या आधी पान घ्यायच्या आणि मी मुलीला भरवत असायची. त्यांनी वाढून घेतलेलं अन्न परत भांड्यात जात होतं, ते मला फार उशिरा कळलं. टोपलीतल्या भाकरी टिकतात म्हणून मी खूश होते. त्या का टिकतात ते मी बघितलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी नळावर गलका झाला. घागर आपटल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर सासूबाई ओल्या फरशीवर पडल्या होत्या आणि अक्कांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. यांनी आणि अक्कांच्या यजमानांनी त्यांना उचलून आत आणलं. डॉक्टरांना बोलावणं गेलं. मी मनात म्हटलं, आता फी. असं वाटल्याचं मला लगेच विचित्रही वाटलं. पण यांनी फीचं नावसुद्धा काढलं नाही. हे धोतराचा सोगा हातात धरून कोपऱ्यात उभे होते.

डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले, पोट दाबलं. मग खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं आणि यांच्याकडे बघितलं.

"आजार काही नाही," ते म्हणाले. "पोटात अन्न नाही. पुष्कळ दिवसांचं. दूध द्या, मऊ भात द्या." आणि दारात थांबून हळूच विचारलं, "घरी काही अडचण आहे का?"

"नाही," हे म्हणाले. "काहीच अडचण नाही."

डॉक्टर गेले. सासूबाईंनी डोळे उघडले होते. हे त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आई, तू जेवत नव्हतीस?"

"थोड्या दिवसांचंच तर होतं. काशी होईपर्यंत."

"कसली काशी?"

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तू भाडं विचारत होतास ना? ओट्यावर?"

"ते होय! ते गृहस्थ उठेचनात. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं मी."

अक्का पेजेची वाटी घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. मुलगी घागरीच्या पोचावर बोट फिरवत बसली होती.

"मग पैसे कशाला जमवतोयस रे?" सासूबाईंनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माहीत नाही," हे म्हणाले.

आणि मग त्या दिवशी, अक्कांच्या देखत, यांनी सांगितलं. यांच्या कचेरीत एक वयस्कर हेडक्लार्क होते. यांना नोकरीला त्यांनीच लावलं होतं. कागद कसा लिहायचा, टाक कसा धरायचा, साहेबापुढे कसं उभं राहायचं, सगळं त्यांनी शिकवलं. एका शनिवारी त्यांना आत बोलावलं आणि सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते आले, छत्री घेतली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. कुणी वर मान करून बघितलंसुद्धा नाही; यांनीही नाही. पुढे काही दिवसांनी हे संध्याकाळी बाजारातून येत होते. बाजार उठत आला होता. तेव्हा तेच हेडक्लार्क भाजीवालीपुढे उकिडवे बसून सुकलेल्या मेथीच्या जुड्या निवडत होते. टाकून द्यायच्या जुड्या. हे पटकन वळले आणि दुसऱ्या बोळातून घरी आले. घरी मी चहा पुढे केला. तो चहा पिताना यांना वाटलं, हा मी कशाच्या जोरावर पितोय?

"त्या दिवसापासून काहीही विकतचं दिसलं की छातीत धस्स होतं," हे म्हणाले. "कोट तेवढा नीट ठेवला. ज्याचा कोट फाटका दिसतो त्याचा नंबर आधी लागतो, असं सगळे म्हणतात."

"मग सांगायचं नाही का आम्हाला?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

मला यातलं निम्मं कळलं. नोकरी गेली नव्हती, जाणार असं कुणी म्हणालंही नव्हतं. मग जी गेली नाही तिच्यासाठी आम्ही आधीच गेल्यासारखं राहत होतो का? आणि खरंच गेली असती तर आणखी वेगळं काय केलं असतं? मी अक्कांकडे बघितलं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या, पण यांच्यासाठी की सासूबाईंसाठी ते समजेना.

सासूबाई कोपरावर टेकून जरा उठल्या. मग म्हणाल्या, "अरे, पण त्या बायकांचे पैसे माझ्याकडं आहेत."

"कुठले पैसे?"

"गंगेत टाकायचे. देवामागं आहेत बघ."

यांनी फडकं काढलं. सोडल्यावर हे खालीच बसले. सगळी गल्ली त्या फडक्यात होती.

"परत देऊन टाक," हे म्हणाले.

"गंगेचे पैसे परत कसे देऊ? दिलेले ते. आता ते त्यांचेही नाहीत आणि आपलेही नाहीत. घरात ठेवावेत तर पाप, खर्चावेत तर त्याहून मोठं."

"गाणगापूरला जाऊ. नदी तिथंही आहे. इथून जवळ."

"भीमेला गंगा म्हणू? लोकांच्या सासऱ्यांच्या नावानं?"

तेव्हा दारातून अक्का म्हणाल्या, "जावंच लागतंय आता."

असे हे सासूबाईंना घेऊन काशीला गेले. ट्रंक उघडली. वर्षभराचा चहा, साबण, रॉकेल आणि दूध त्या ट्रंकेतून निघून रेल्वेच्या खिडकीवर गेलं. त्यासाठी यांना रजा मागावी लागली. ज्या साहेबाच्या भीतीनं हे सगळं केलं, त्याच साहेबापुढे जाऊन रजा मागायची! आदल्या दिवशी हे जेवले नाहीत. संध्याकाळी आले तर चेहरा चमत्कारिक झाला होता. "काय म्हणाले?" मी विचारलं. "जा म्हणाले. वरसुद्धा बघितलं नाही. मी कोण ते त्यांना माहीत होतं की नाही, तेच कळलं नाही." याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, ते यांनाही ठरवता येत नव्हतं.

सासूबाई पेज पिऊन, भात खाऊन आता चांगल्या उभ्या राहिल्या होत्या. दोघं गेल्यावर मी गवळणीला शेरभर दूध घालायला सांगितलं. ती म्हणाली, "मालक गावाला गेल्यात व्हय?"

परत आले तेव्हा ट्रंकेत काही उरलं नव्हतं आणि यांच्या अंगावर मात्र जरा मांस चढलं होतं. रात्री गाढ झोपायला लागले. पूर्वी पैसे होते तर कुशी बदलत असायचे. आता काही नव्हतं तर घोरत होते. मी सासूबाईंना विचारलं, असं कसं? त्या म्हणाल्या, "विश्वेश्वराची कृपा." असेलही. पण मला वाटतं तेवढं सोपं नव्हतं ते.

काशी झाली म्हणजे मावंदं करावं लागतं; चार माणसं जेवायला घालावी लागतात. सासूबाईंनी हट्ट धरला, की त्या हेडक्लार्कांना बोलवायचंच. "त्यांच्यामुळं मला काशी घडली," त्या म्हणाल्या. हे नको नको म्हणत होते. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणत होते. शेवटी गेले आणि निमंत्रण देऊन आले.

ते गृहस्थ आले. मी मनात वाळलेला, खंगलेला माणूस धरून बसले होते. आले ते चांगले लालबुंद, मोठ्यानं बोलणारे. पंक्तीला बसले, पुरणपोळ्या मागून घेतल्या, तूप मागून घेतलं. बाजारातल्या दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहितो, म्हणाले. मिळतं थोडं, पण दुपारी झोपायला मिळतं.

मग यांच्याकडे वळून म्हणाले, "तू मागं एकदा बाजारात मला बघून वळलास की रे! मी हाक मारणार होतो. पण मला वाटलं, तुझीही नोकरी गेली आणि तू लाजतोयस. म्हणून गप्प बसलो. घरी जाऊन हिला म्हटलंसुद्धा, बिचारा गेला तोही."

हे पाटावर तसेच बसून राहिले. हातातला घास हातात. मग म्हणाले, "तुम्ही मेथी निवडत होता..."

"शेळीला. शेळी घेतलीय मी. लबाड आहे, ताजी मेथी देखील निवडून खाते. पण दूध झकास."

पंक्तीतले सगळे हसले. सासूबाईही आत हसल्या. हे हसले, पण जरा उशिरा. हात धुवायला मागे आले तेव्हा मी तांब्या घेऊन उभी होते. ते हातावर पाणी घेत राहिले, तांब्या रिकामा झाला तरी हात पुढेच होता.

"शेळीला होती म्हणे," ते म्हणाले.

"ऐकलं मी."

"पण नोकरी तर गेलीच होती ना त्यांची? ते तर खरंच ना?"

मी म्हटलं, "हो, ते खरं."

वाढायचं राहिलं होतं म्हणून मी आत गेले.

पुढच्या हंगामात गिरणीनं सगळ्यांचेच पगार कमी केले. कुणाला काढलं नाही. सगळ्यांचे थोडे थोडे कापले. ज्याच्यासाठी वर्षभर जीव मुठीत धरला होता ते असं आलं, तेही ट्रंक रिकामी असताना. त्या संध्याकाळी हे घरी आले, कोट खुंटीला लावला आणि मला, सासूबाईंना बोलावून समोर बसवलं. म्हणाले, "पगार कमी झाला. आता सांगा, काय कमी करायचं?"

असं त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. मी म्हटलं, वर्तमानपत्र. तर सासूबाई म्हणाल्या, वर्तमानपत्रात गुंडाळायला तरी येतं, त्यापेक्षा परीट. हे म्हणाले, परीट नको, कोटाचं काय? सासूबाई म्हणाल्या, माझा एक वेळचा भात. त्यावर हे एकदम ओरडले, "नाही!" आणि मग ओरडलो म्हणून खाली बघत बसले. अक्का भिंतीपलीकडून म्हणाल्या, आमच्याकडंबी हेच चाललंय, इकडं या, मिळून ठरवू. मुलगी पेंगायला लागली. बराच वेळ बोलून आमचं काही ठरलं नाही. शेवटी मी उठले आणि पानं घेतली.